वाचनाची नवी साधने – लेखांक ५ : वाचनालयाची ई-पुस्तके आणि ई-रीडरची निवड

मागील लेखांकात ई-शाईचा पडदा कसा चालतो ते पाहिले. हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडातही स्वच्छ वाचता येतो आणि वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, त्यामुळे बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. आता निवडीकडे वळू. ई-रीडर घेताना बहुतेक जण आधी कंपनी आणि किंमत पाहतात. वाचनालयात वाढलेल्या वाचकाने मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारावा : मला वाचायची पुस्तके येणार कोठून आणि कोणत्या स्वरूपात?

आपल्या भागात हा प्रश्न विचारायला मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून सुरू आहे. ठाण्यात ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले. माफक वर्गणीत हवे ते पुस्तक घरी नेण्याची सवय या संस्थांनी अनेक पिढ्यांना लावली. छापील प्रत वाचनालयाने एकदा विकत घेतली की ती किती सभासदांना द्यायची, हे प्रकाशकाला विचारावे लागत नाही.

ई-पुस्तकाचा व्यवहार निराळा. वाचनालय ते विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकी वाचनालयांना अट घातली, की एक ई-प्रत २६ वेळा दिली की परवाना संपेल, पुढे पुन्हा पैसे भरावे लागतील. तिथली वाचनालये ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या लिबी अ‍ॅपमधून ई-पुस्तके देतात. एका वेळी एक प्रत एकाच वाचकाकडे असते, बाकीचे रांगेत थांबतात आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर अशी पुस्तके घेण्याची सोय २०११ मध्ये सुरू झाली, तीही फक्त अमेरिकेतल्या वाचनालयांसाठी. कोबो या कंपनीच्या अनेक ई-रीडरमध्ये ओव्हरड्राइव्ह आतच दिलेले असते.

ही सगळी सोय तिथल्या वाचनालयांच्या सभासदांसाठी आहे, म्हणूनच ‘वाचनालयासाठी कोबो उत्तम’ हा परदेशी सल्ला कल्याणच्या वाचकाला जसाच्या तसा लागू पडत नाही. अमेरिकेतल्या लेकीने आई-बाबांसाठी आणलेला ई-रीडर इथे व्यवस्थित चालेल, पण तिथल्या वाचनालयाची पुस्तके त्यावर हवी असतील तर तिथले सभासदत्व लागते आणि ते साधारणपणे त्या भागातल्या रहिवाशांनाच मिळते.

मग मराठी वाचकाला काय मिळते? बरेच काही मिळते, फक्त स्वरूप वेगळे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मोफत ई-पुस्तके देते. ही पुस्तके मुख्यतः पीडीएफमध्ये असतात. मराठी विकिस्रोतावर कॉपीराइट संपलेले साहित्य आहे आणि तिथून ईपब स्वरूपातही पुस्तक घेता येते. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे १९१९ मध्ये गेलेले हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी, तसेच १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी यांचे लेखन आज सर्वांसाठी खुले आहे. पीडीएफ आणि ईपबनंतर तिसरे स्वरूप अ‍ॅपचे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयातली मुलांची पुस्तके किंवा बुकगंगावर विकत घेतलेली ई-पुस्तके त्या त्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात.

निवड या तीन स्वरूपांवरून ठरते. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात, म्हणून ६ किंवा ७ इंचांचा पडदा पुरतो. किंडल ईपब थेट उघडत नाही, पण अ‍ॅमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सोयीने पाठवलेली ईपब फाइल २०२२ पासून स्वीकारली जाते. पीडीएफचे पान मात्र चित्रासारखे जसेच्या तसे येते. आपली बरीच पुस्तके डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत छापलेली असतात. असे पान ६ इंची पडद्यावर जवळजवळ ६० टक्क्यांवर येते. मग अनुस्वार आणि उकार शोधावे लागतात, आणि जुन्या पुस्तकाचे स्कॅन फिकट असेल तर वाचणे सोडूनच द्यावे लागते. १०.३ इंची पडद्यावर तेच पान जवळपास मूळ आकारात दिसते.

पण मोठा पडदा जड असतो. ६ इंची ई-रीडर पावणेदोनशे ग्रॅमच्या आत असतो, १०.३ इंची चारशेच्या आसपास जातो. कल्याण ते सीएसएमटी हे सुमारे ५४ किलोमीटर अंतर लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्याने कापणाऱ्याला हा फरक जाणवतो. वाचन मुख्यतः लोकलमध्ये होत असेल तर ६-७ इंची घ्या आणि ईपबवर भर द्या. घरी बसून जुने ग्रंथ वाचायचे असतील तर १०.३ इंची घ्या. दोन्ही हवे असेल तर ७.८ इंचांचा मध्यम मार्ग आहे. अ‍ॅपमधली पुस्तके हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागेल, ऑनिक्सचे बूक्स हे त्याचे उदाहरण. किंडल किंवा कोबोवर अशी अ‍ॅप्स बसत नाहीत.

शिवाय एक चाचणी अवश्य करा. ‘वाङ्मय’, ‘ऱ्हास’, ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मण’ हे शब्द असलेले एक मराठी ईपब आणि एक स्कॅन केलेली पीडीएफ परतीच्या मुदतीतच उघडून पाहा. जोडाक्षरे फुटत असतील तर यंत्र परत करा. इंग्रजी पुस्तक सुंदर दिसते एवढ्यावर मराठी वाचकाने समाधान मानू नये.

मोफत पुस्तकांचा हा साठा मोलाचा आहे, तरी आजच्या लेखकाचे नवे पुस्तक उसने घेण्याची गरज त्याने भागत नाही. त्यासाठी मराठी प्रकाशक आणि वाचनालये यांनी एकत्र बसून परवान्याची न्याय्य पद्धत ठरवायला हवी : लेखकाला मोबदला मिळेल, छोट्या वाचनालयाला परवडेल आणि २६ वाचकांनंतर पुस्तक हिरावले जाणार नाही अशी. सभासदांनी ही मागणी आपल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत लेखी मांडावी. ई-रीडर ज्याचा त्याने घ्यावा, पण त्यावरचे पुस्तक सर्वांना मिळावे ही जबाबदारी सार्वजनिक आहे. वाचनालये उभी राहिली तीही याच विचारातून.

पुढील लेखांकात : दृष्टी अधू झालेल्या वाचकांसाठी मोठे अक्षर आणि श्राव्य पुस्तके.