जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही तेव्हा



विहिरीवरचा पंप एखाद्या सकाळी सुरू झाला नाही, तर कोणी शेतकरी लगेच मोटर काढून रिवाइंडिंगला नेत नाही. तो आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर पाहतो, तिन्ही फेज आहेत की नाहीत ते पाहतो, आणि हे सारे ठीक निघाले तरच मोटरीकडे वळतो. मग शाळेतला जुना कॉम्प्युटर बंद पडला, की पहिल्याच दिवशी 'गेला वाटतं' असे आपण का म्हणतो? त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते, एवढेच त्याचे कारण.

समजा, शहरातल्या एखाद्या कचेरीने दहा वर्षे वापरून काढून टाकलेले यंत्र आपल्या शाळेने वर्गणी काढून विकत घेतले. मुलांचे निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा हिशेब, सगळे त्यातच. आणि एके दिवशी कळ दाबली तर काहीच नाही! तालुक्याला नेले, तर 'मदरबोर्ड गेला' हे दोन शब्द ऐकू येण्याचा संभव फार. कधी ते खरेही असते, पण पुष्कळदा ते पुरते न पाहताच बोललेले असते. म्हणून यंत्र टेम्पोत घालण्यापूर्वी तासभर आपणच खर्च करावा.

'सुरू होत नाही' हे म्हणणे 'मूल आजारी आहे' म्हणण्यासारखे आहे. ताप आहे की पोट दुखते, हे आधी कळले पाहिजे. इथे तीन प्रकार संभवतात. कळ दाबूनही यंत्रात मुळी धुगधुगीच नाही, हा पहिला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच, हा दुसरा. आणि पडद्यावर अक्षरे येतात पण गाडी पुढे सरकत नाही, हा तिसरा. हे तीन आजार निराळे, त्यांचे उपायही निराळे.

पहिल्या प्रकारात विजेच्या वाटेने चालत जावे. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही तर माणूस पाटाच्या कडेने वर वर जातो, तसे. भिंतीतल्या प्लगला दुसरी एखादी वस्तू, अगदी टेबलावरचा दिवासुद्धा, लावून पाहा. पेटला, तर पुढचे ठिकाण यूपीएस. पुष्कळदा घोडे इथेच पेंड खाते. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेल्या बॅटरीचे काही यूपीएस वीज असूनही ती पुढे जाऊ देत नाहीत. तो मधून काढून यंत्र सरळ भिंतीला जोडून पाहावे. मग मागची जाड वायर. ती सैल बसलेली असते, किंवा उंदराने कुरतडलेली असते. मॉनिटरलाही बहुधा तसलीच वायर असते, तेव्हा दोन्हींची अदलाबदल करून पाहिली की वायरीचा निकाल लागतो.

आता पेटीच्या मागे पाहा. जिथे वायर शिरते तिथे वीज बदलणारा डबा आहे. कारागीर त्याला 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी बेताबेताने वीज वाटतो. त्याच्यावर एखादी छोटी कळ असते, ती झाडलोट करताना बंद झालेली असू शकते. काही जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल पट्टीही असते. ती आपल्याकडे २३० वरच हवी. ११५ वर सरकवून वीज दिली, तर डबा जळालाच म्हणून समजा. मुलांचे हात तिथे पोचू देऊ नका.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरसुद्धा त्याच्या आतला मोठा कंडेन्सर तीनशेहून अधिक व्होल्ट काही वेळ धरून ठेवतो. जुन्या, मागे फुगीर असलेल्या मॉनिटरची गोष्ट याहून वाईट. तिथे हजारो व्होल्ट असतात. बाकीची पेटी मात्र आपण खुशाल उघडावी. आधी प्लग काढा, मग पुढची कळ दहा सेकंद दाबून धरा, आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावर साठलेल्या विजेने आतले भाग बिघडू नयेत, म्हणून हे करायचे.

आता पुढच्या कळीविषयी. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाची मांडणी ठरवून दिली. त्या मांडणीच्या यंत्रांत ही कळ दिव्याच्या बटणासारखी वीज जोडत नाही. ती मदरबोर्डाला नुसती खूण करते, आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो. जुन्या यंत्रात ही कळच झिजते, आणि सारे यंत्र मेल्यासारखे दिसते. शेजारी 'रीसेट'ची लहान कळ असेल तर तिची बारीक वायर काढून पहिल्या कळीच्या पिनांवर बसवावी. त्या कळीने यंत्र सुरू झाले, तर दोष कुठे होता ते कळलेच. एवढे करूनही धुगधुगी नाही, तर एसएमपीएसचा संशय धरावा, आणि शेजारच्या यंत्रातला जोडून पाहावा. नवा आणायचा झाल्यास जुना सोबत न्या, कारण काही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत तो निराळ्या घाटाचा असतो.

दुसरा प्रकार मला सर्वांत आशेचा वाटतो. पंखा फिरतो, म्हणजे वीज पोचली आहे. मॉनिटरला स्वतःची वीज आहे का, त्याची निळी किंवा काळी केबल दोन्हीकडे घट्ट आहे का, हे आधी पाहा. पेटीच्या मागे मॉनिटरसाठी दोन जागा असतील आणि त्यांतली एक वेगळ्या कार्डावर असेल, तर केबल बहुधा त्या कार्डालाच हवी.

ते ठीक असेल तर रॅमकडे या. (आपण सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतो, खरा सीपीयू म्हणजे आतल्या पंख्याखाली दडलेली एक चपटी चकती.) रॅम म्हणजे मदरबोर्डावर उभी खोचलेली पट्टी. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. पावसाळ्याच्या दमट हवेने आणि धुळीने त्या दातांवर पुट चढते, आणि यंत्र मुके होते. दोन्ही टोकांच्या खिट्या उघडून पट्टी काढा. पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबराने दात हलकेच घासा, चुरा यंत्रापासून दूर झटका, आणि खिटी 'टक्' वाजेपर्यंत पट्टी सारखी दाबून बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेकच लावून पाहा. मी तर म्हणेन, नवीन काही विकत घेण्यापूर्वी हा एक उपाय केलाच पाहिजे.

आणखी एक गंमत पाहा. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्यातही ही सोय होती. यंत्र सुरू होताना आपली तपासणी आपणच करते, आणि सारे ठीक असेल तर बहुधा एकच लहान शीळ घालते. शिळांची भाषा प्रत्येक कंपनीची निराळी. पण रॅम मुळीच न लावता यंत्र सुरू केले आणि ते ओरडू लागले, तर मदरबोर्ड आणि सीपीयू बहुतेक जिवंत आहेत. 'मदरबोर्ड गेला' म्हणणाऱ्याला हे करून दाखवायला सांगावे. मात्र काही यंत्रांत शीळ घालणारी बारकी डबीच नसते, तेव्हा नुसत्या शांततेवरून निकाल देऊ नये.

मदरबोर्ड खरोखर बिघडल्याची एक खूण डोळ्यांना दिसते. पंख्याचा किंवा पंपाचा कंडेन्सर आपल्या ओळखीचा आहे. तसलेच बोटाच्या पेराएवढे कंडेन्सर मदरबोर्डावर उभे असतात. त्यांचे डोके सपाट हवे. फुगले असेल किंवा तपकिरी रस गळला असेल, तर ते गेले. सुमारे १९९९ ते २००७ या काळात असे सदोष कंडेन्सर जगभर अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बसवले गेले होते. डाग लावण्यात हात बसलेला कारागीर ते बदलू शकतो.

यंत्र सुरू होऊन थोड्या वेळात आपोआप बंद पडत असेल, तर सीपीयूवरचा पंखा धुळीने चोंदला असेल. पंखा बोटाने धरून कोरड्या ब्रशाने धूळ काढा. आणि तारीख दर वेळी मागे जात असेल, तर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी बदला. तारीख चुकली की संकेतस्थळेही नीट उघडत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला मिळतो.

तिसऱ्या प्रकारात आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. यंत्र कधी कधी त्यातच आपले दफ्तर शोधत बसते. मग हार्ड डिस्कच्या वायरी काढून पुन्हा बसवा. डिस्कमधून 'टक्-टक्' असा एकसारखा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करू नका. दर वेळी आतला मजकूर अधिक धोक्यात येतो.

मजकूर असतो तो त्या डिस्कमध्ये; मदरबोर्ड गेला म्हणून निकाल आणि हिशेब जात नाहीत. तीच डिस्क दुसऱ्या यंत्रात बसवून, किंवा बाजारात मिळणाऱ्या यूएसबीच्या जोडणीने, सारे उतरवून घेता येते. तेव्हा दुरुस्तीला देण्याची वेळ आलीच, तर डिस्क काढून शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा, आणि पेटी तेवढी द्या. पंखा फिरत होता का, शीळ ऐकू आली का, आपण काय काय करून पाहिले, हे कागदावर लिहून सोबत जोडा. आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.