ठिणगीचा लपंडाव

भंडारा जिल्ह्यांत शर्यतीची मोटर क्वचितच दिसावयाची. परंतु वैशाखांत मोटर भररस्त्यांत बंद पडावी, सावलींत अर्धा तास उभी राहावी आणि मग मुकाट्यानें सुरू व्हावी, हा प्रकार तेथेंही ओळखीचा आहे. शर्यतीच्या मोटरीस जडणारा हट्टी रोग हाच. मिस्त्री झांकण उघडतो तेव्हां इंजिन शहाण्यासारखें चालतें; भर वेगांत मात्र ठिणगी चुकते. मागून दुसरी गाडी येत असतां इंजिनानें दम सोडला, तर प्रश्न केवळ बक्षिसाचा राहत नाहीं.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाची बॅटरीवर चालणारी प्रज्वलनयोजना १९१० सालच्या कॅडिलॅक मोटरींत आली. कॉइलच्या थोड्या वेढ्यांतून जाणारा बॅटरीचा प्रवाह पॉइंट उघडून एकदम तोडला, कीं पुष्कळ वेढ्यांच्या दुसऱ्या तारेंत हजारों व्होल्टचा दाब उठतो व प्लगच्या फटींत ठिणगी पडते. चार सिलिंडरांचें, चार धावांचें इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदास २०० ठिणग्या लागतात! आतां पॉइंटांची जागा बहुधा इलेक्ट्रॉनिक साधनांनीं घेतली आहे. शत्रू मात्र तेच: उष्णता, हादरे आणि ओल.

कॉइलमधील तुटकी तार तापल्यानें अलग होते, निवल्यावर पुन्हां टेकते. पण घाईनें कॉइलला दोष देऊं नये. पेट्रोलच्या नळींत वाफ कोंडली तरी लक्षण हुबेहूब तेंच. म्हणून मोटर बंद पडतांच, ती निवण्यापूर्वीं, ठिणगी पाहावी. प्लग बाहेर काढून पाहिलेली ठिणगी पुष्कळदां फसवते, कारण सिलिंडरांतील दाबलेल्या मिश्रणांत उडण्यास तिला अधिक व्होल्ट लागतात. याकरितां मोठ्या फटीचें परीक्षक-साधन इंजिनाच्या धातूस जोडून, पेट्रोलपासून दूर ठेवून वापरावें.

ठिणगी नसेल तर एका वेळीं एकच भाग बदलावा. सगळेंच बदलून मोटर चालली, तर दोषी भाग चांगल्यांसह पेटींत जातो आणि पुढल्या शर्यतींत परत येतो.

प्लगच्या तारांतून वीज गळते कीं काय, हें अंधारांत, हात न लावतां पाहावें. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणीचें मँगनीज विजेरीच्या सेलांत उपयोगी पडतें. या परीक्षेस मात्र विजेरी विझवावी लागते. आणि इंजिन व सांगाडा यांस जोडणारी साधी तार, तिचा सैल नट व त्याखालचा गंज, हें सर्वांच्या आधीं तपासावें. महागडी कॉइल तिच्याच पायीं विनाकारण बदलली जाते.