कुंपणालगतचा म्हातारा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली की विजय नगरात एक दुधाळ रोप डोके वर काढते. फरशीच्या सांध्यात, नळाच्या ओलीला, कुंपणाच्या कडेला, गुलाबाच्या कुंडीतसुद्धा. होळीपर्यंत ते फुलते, पांढऱ्या कापसाचे गोंडे धरते आणि उन्हाळा तापला की वाळून जाते. या गोंड्यांमुळेच मराठीत त्याला ‘म्हातारा’ म्हणतात. रुईच्या शेंगेतून उडणारी म्हातारी आपल्याला ठाऊक असते, हा मात्र शेजारी राहूनही अनोळखी.

शास्त्रीय नाव सोंकस ओलेरेशियस. लिनियसने ते १७५३ साली दिले. ओलेरेशियस म्हणजे भाजीपाल्यातला. काही जण याला पाथरीही म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण महाराष्ट्रात जिची भाजी करतात ती पाथरी वेगळी. तिची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि फुलांचे दांडे जवळजवळ बिनपानांचे असतात. म्हाताऱ्याचा दांडा मात्र सरळ उभा, आतून पोकळ. त्यावरची पाने देठाशी दोन टोकदार कानांनी दांड्याला मिठी मारून बसलेली. पान तोडले की दोघांतूनही दूध येते, म्हणून नुसत्या दुधावरून ओळखू नये. एकदांडीला तर दूधच नसते.

विद्यार्थी मित्रांनो, याचे पिवळे फूल भिंगाखाली जरूर पाहा. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक पट्टी हे एक स्वतंत्र, पूर्ण फूल आहे. तिच्या टोकाला पाच बारीक दाते दिसतील. सूर्यफुलात कडेची आणि मधली अशी दोन प्रकारची फुले असतात, इथे सगळी एकाच प्रकारची. मात्र पाहायचे ते सकाळीच. दुपारपर्यंत फूल मिटते, त्यामुळे दुपारच्या पाळीतल्या मुलांना बहुधा मिटलेलेच मिळेल.

याचा एक काटेरी भाऊ आहे, सोंकस ॲस्पर. त्याच्या पानांचे कान गोल, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले असतात. त्याची गुणसूत्रे १८. भूमध्य समुद्राकाठच्या सोंकस टेनेरिमस या दुसऱ्या जातीची १४. आपल्या म्हाताऱ्याची ३२! या दोन जातींच्या संकरातून तो जन्मला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. वरच्या वर्गातल्या मुलांनी ही बेरीज लक्षात ठेवावी.

त्याचे मूळ घर युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया. आज तो जवळजवळ जगभर आहे. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याच्या जातीची भाजी ‘पुहा’ या नावाने आवडीने खातात. कॅनरी बेटांवर तर सोंकसच्या काही जातींची झुडपे होतात, खोड लाकडासारखे टणक! आपल्या कुंडीतल्या रोपाकडे पाहून हे खरे वाटत नाही.

एवढा प्रवास जमला कसा? बी वाऱ्यावर उडते हे एक. दुसरे, फळ धरायला जोडीदार लागत नाही, त्यामुळे एकटे रोपही नव्या जागी वसाहत करते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे बी मातीच्या पृष्ठभागावर, उजेडात चांगले रुजते. पाच सेंटिमीटर खाली गाडले तर त्याचे रोप सहसा वर येत नाही. म्हणजे त्याला हवी उघडी, ओली, माणसाने नुकतीच हलवलेली जागा. माळव्याच्या गव्हा-हरभऱ्यात ती मिळते. आणि पाइप, केबल, पदपथ यांसाठी सतत खोदकाम चालणाऱ्या आपल्या वस्तीत तर काय, बारमाही मिळते.

मग करायचे काय? तणनाशक फवारू नये, निदान मुले खेळतात तिथे तरी. ऑस्ट्रेलियात या तणाने काही तणनाशकांना दाद देणेही सोडले आहे. ओल्या मातीतून रोप मुळासकट सहज निघते. पण उपटायचे ते कळीतच, कारण उमललेले फूल उपटल्यावरही बी पिकवू शकते.

उपटलेले रोप खतात घालावे. हे सांगायला इंदूरइतके योग्य गाव नाही. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते, आणि तण, पाचट, शेण यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगाला इथूनच मिळाली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. त्या मोठ्या ढिगात उष्णता इतकी वाढे की तणांचे बी मरून जाई. शाळेतला लहान खड्डा तेवढा तापत नाही, म्हणून गोंडे धरलेली रोपे त्यात टाकू नयेत.

आणि मुलांनो, गाजर गवत मात्र हाताने उपटू नका. तेही याच कुळातले, पण त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. त्याची फुले बारीक पांढरी आणि पाने गाजरासारखी कातरलेली असतात. रस्त्याकडेचा किंवा नाल्याकाठचा म्हातारा भाजीसाठीही घरी नेऊ नका.