व्याख्येतले पर्यावरण आणि कृष्णाकाठ

१९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात अवघी २६ कलमे आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या कलमात सात संज्ञांच्या व्याख्या दिलेल्या आहेत. कायद्याचे पुस्तक चाळणारा सामान्य वाचक हे कलम बहुधा ओलांडून शिक्षेच्या कलमाकडे वळतो. परंतु नदीत सोडलेले पाणी प्रदूषित होते की नाही, ते सोडणारा कोण आणि जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे शिक्षेच्या कलमात नसून या सात व्याख्यांतच दडलेली असतात. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कराड, सांगली असा प्रवास करत पुढे कर्नाटकात उतरणाऱ्या कृष्णेच्या काठावर तर या व्याख्यांची कसोटी जवळजवळ दर हंगामात लागते, कारण उसाचे मळे, साखर कारखाने, त्यांना जोडलेल्या डिस्टिलरी, वाढती शहरे आणि डोंगरमाथ्यावरची पर्यटनस्थळे हे सारे याच एका खोऱ्यात दाटीने वसलेले आहे.

हा कायदा ‘राष्ट्रीय’ कसा झाला, हे आधी समजून घेणे उपयोगाचे ठरते. पाणी हा राज्यघटनेनुसार मूलतः राज्यांचा विषय असल्यामुळे १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संसदेने अनुच्छेद २५२ खाली, म्हणजे राज्यांच्या ठरावांच्या आधारे, केला. महाराष्ट्राने त्याआधीच १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले होते आणि केंद्राचा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीनंतर मात्र पाणी, हवा आणि घातक रसायने यांना एकत्र कवेत घेणारा कायदा हवा, हे स्पष्ट झाले, आणि १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांची अंमलबजावणी या आधारावर, अनुच्छेद २५३ चा उपयोग करून, १९८६ चा अधिनियम संमत करण्यात आला. तो त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला अंमलात आला.

या अधिनियमातली पहिली व्याख्या खुद्द पर्यावरणाची आहे. पाणी, हवा आणि जमीन, त्यांचे परस्परांशी असलेले संबंध, तसेच त्यांचे मानव, इतर सजीव, वनस्पती, सूक्ष्मजीव आणि मालमत्ता यांच्याशी असलेले संबंध या सर्वांचा ‘समावेश होतो’, असे ती सांगते. कायद्याच्या मसुद्यात ‘म्हणजे’ असे लिहिले की व्याख्या तेथेच संपते आणि ‘समावेश होतो’ असे लिहिले की यादीबाहेरच्या गोष्टींसाठीही दार उघडे राहते, हा व्याख्याशास्त्राचा मूलभूत नियम असून पर्यावरणाची व्याख्या दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्यात ‘मालमत्ता’ हा शब्द आल्यामुळे दूषित पाण्याने जळालेली तासगावची द्राक्षबाग किंवा निकामी झालेली शेतकऱ्याची विहीर ही केवळ खाजगी नुकसानीची बाब न राहता पर्यावरणाच्या हानीचा भाग होऊ शकते. मात्र या यादीत संस्कृती आणि सौंदर्य यांचा स्पष्ट उल्लेख नाही. चीनच्या पर्यावरण कायद्याच्या व्याख्येत ऐतिहासिक अवशेष आणि निसर्गरम्य स्थळे येतात आणि न्यूझीलंडच्या १९९१ च्या कायद्याच्या व्याख्येत सौंदर्यविषयक व सांस्कृतिक परिस्थितीही येते. या तुलनेत वाईचा घाट किंवा कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची माहुलीची मंदिरे भारतीय व्याख्येत बसवायची, तर ती ‘मालमत्ता’ म्हणूनच बसवावी लागतात, ही त्या व्याख्येची एक उणीवच म्हटली पाहिजे.

पुढच्या दोन व्याख्या एकमेकींवर उभ्या आहेत. पर्यावरणीय प्रदूषक म्हणजे पर्यावरणास अपायकारक ठरेल किंवा ठरण्याचा संभव असेल, एवढ्या प्रमाणात असलेला कोणताही घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. आणि प्रदूषण म्हणजे अशा प्रदूषकाचे पर्यावरणातील अस्तित्व. या व्याख्येत पदार्थाच्या नावापेक्षा त्याच्या प्रमाणाला महत्त्व आहे, आणि हे प्रमाण ठरवण्याचे काम मानकांकडे सोपवलेले आहे. वर्तमानपत्रांतून ज्याला ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात, त्याचे उदाहरण येथे घेता येईल. डिस्टिलरीतून निघणाऱ्या गर्द तपकिरी स्पेंटवॉशमध्ये विष असतेच असे नाही. त्यात मुख्यतः उसाच्या मळीतले सेंद्रिय द्रव्य असते. परंतु ते कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात, आणि ही प्राणवायूची गरज, जिला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणजे बीओडी म्हणतात, प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशमध्ये लिटरमागे ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात जाते. नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, तर आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात बीओडी ३ पेक्षा अधिक नसावी अशी अपेक्षा असते. सांगलीजवळ अंकलीच्या पुलाखाली मृत माशांचा खच दिसला की त्यांना कोणी विष घातले, अशी चर्चा सुरू होते. पण प्राणवायू संपल्याने गुदमरलेला मासादेखील कायद्याच्या दृष्टीने प्रदूषणाचाच बळी असतो.

१९७४ च्या जल अधिनियमातील प्रदूषणाची व्याख्या याहून लांब आणि अधिक व्यवहारी आहे. पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांत असा बदल होणे, की ज्यामुळे उपद्रव निर्माण होईल किंवा ते पाणी सार्वजनिक आरोग्याला, घरगुती, व्यापारी, औद्योगिक वा शेतीच्या वापराला, किंवा जलचरांना अपायकारक ठरेल, असा तिचा आशय आहे. म्हणजे पाणी पिण्यालायक राहिले नाही एवढेच पाहायचे नसून ते पिकाला देण्यालायक राहिले का, हेही पाहायचे आहे.

याच अधिनियमातली ‘प्रवाह’ या संज्ञेची व्याख्या दुष्काळी भागातील वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. प्रवाहात नदी येते, आणि जलमार्गही येतो, मग तो वाहता असो किंवा तूर्त कोरडा असो. शिवाय नैसर्गिक वा कृत्रिम अंतर्गत जलसाठे, भूगर्भातील पाणी आणि समुद्राचे पाणीही येते. खटाव-माणच्या डोंगराळ भागातून येऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणारी येरळा, म्हसवड-आटपाडीकडून जाणारी माणगंगा, खानापूर-कवठेमहांकाळ परिसरातील अग्रणी, या नद्यांची पात्रे वर्षातील कित्येक महिने वाळूचीच असतात. अशा पात्रात कचरा लोटताना किंवा टँकर रिकामा करताना ‘येथे पाणीच नाही, मग प्रदूषण कसले’ हा जो युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो, त्याला कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे: पात्र कोरडे असले तरी ते प्रवाहच आहे. भूगर्भातील पाण्याचाही समावेश असल्यामुळे बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलेले सांडपाणीसुद्धा प्रवाहात सोडलेलेच ठरते.

सांगली शहरातल्या शेरीनाल्याचा प्रश्नही असाच व्याख्येच्या आधाराने उलगडतो. या नाल्यातून शहराचे सांडपाणी कृष्णेत मिसळते, ही तक्रार अनेक वर्षांची आहे. प्रदूषण म्हटले की कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे येते. परंतु जल अधिनियमाने घरगुती सांडपाण्याच्या व्याख्येत मलनिःसारण व्यवस्थेतून येणाऱ्या पाण्याबरोबरच उघड्या गटारांतील पाण्याचाही स्पष्ट समावेश केलेला आहे. नगरपालिका व महानगरपालिका यांनाही त्यामुळे सुटका नाही, कारण १९८६ च्या अधिनियमात कंपन्यांच्या अपराधांविषयीच्या कलमात ‘कंपनी’ याचा अर्थ कोणतीही निगमित संस्था असा व्यापक केलेला आहे.

जबाबदारीचा प्रश्न ‘भोगवटादार’ या संज्ञेपाशी येऊन थांबतो. कारखान्याच्या किंवा जागेच्या कारभारावर ज्याचे नियंत्रण आहे तो भोगवटादार, आणि एखाद्या पदार्थाच्या बाबतीत तो पदार्थ ज्याच्या ताब्यात आहे ती व्यक्तीही भोगवटादार, अशी ही दुहेरी व्याख्या आहे. मालकीपेक्षा नियंत्रण आणि ताबा यांना महत्त्व दिल्यामुळे, रात्रीच्या वेळी ओढ्याच्या कडेला रिकामा होणारा टँकर पकडला गेला, तर ‘माल कारखान्याचा, मी फक्त चालक’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही, आणि ‘टँकर ठेकेदाराचा’ हे कारखान्याचे उत्तरही पुरेसे ठरत नाही.

तथापि व्याख्या कितीही धारदार असली तरी ती नमुन्याशिवाय बोथट आहे. १९८६ च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याने भोगवटादाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर नमुना घेऊन, तो सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडला पाहिजे. ही पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा अहवाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. वाहत्या नदीत प्रदूषित पाण्याचा लोंढा काही तासांत पुढे निघून जातो आणि मासे वर येतात तेव्हा स्पेंटवॉश पुढच्या तालुक्यात पोहोचलेला असतो. त्यातच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रचनेत सातारा पुणे विभागाकडे आणि सांगली कोल्हापूर विभागाकडे असल्याने नदी जेथे एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरते, तेथे पाठपुराव्याची साखळी तुटण्याचा धोका असतो. कृष्णेच्या प्रदूषणाची बहुतेक प्रकरणे व्याख्या अपुरी पडल्यामुळे नव्हे, तर नमुना वेळेवर न घेतल्यामुळे अडतात, असे म्हणायला बरीच जागा आहे.

ध्वनीची गोष्ट या सर्वांत गमतीची आहे. प्रदूषक हा घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थच असतो, असे दुसरे कलम म्हणते; मग गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ज्या ‘डॉल्बी’वरून सातारा, सांगली आणि कोल्हापूरमध्ये दरवर्षी वाद होतो, त्या डॉल्बीचा आवाज यांपैकी कोणता पदार्थ? शब्दशः पाहिले तर कोणताच नाही. परंतु त्याच अधिनियमाचे सहावे कलम प्रदूषकांच्या कमाल मर्यादा ठरवण्याविषयी बोलताना कंसात ‘ध्वनीसह’ असे म्हणून जाते, आणि १९८१ च्या हवा अधिनियमातील वायुप्रदूषकाच्या व्याख्येत १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचा समावेश करण्यात आला. याच आधारावर २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली.

काही संज्ञांची व्याख्या अधिनियमात मुळीच नाही, आणि साताऱ्याच्या डोंगरी भागाला नेमका त्यांचाच जास्त उपद्रव किंवा उपयोग, ज्याच्या त्याच्या बाजूप्रमाणे, झालेला आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. पण ‘संवेदनशील क्षेत्र’ ही संज्ञा दुसऱ्या कलमात शोधूनही सापडत नाही. काही भागांत विशिष्ट उद्योग वा प्रक्रिया यांवर निर्बंध घालण्याचा जो अधिकार तिसरे कलम केंद्र सरकारला देते, त्याच्या पोटातून ही संकल्पना घडवली गेली. परिणामी संवेदनशील म्हणजे काय, हे प्रत्येक ठिकाणी ती ती अधिसूचनाच ठरवते. पश्चिम घाटाच्या बाबतीत माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले, दोघांनी संवेदनशीलतेच्या वेगवेगळ्या सीमा आखल्या, आणि २०१४ पासून मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. २०२४ च्या जुलैतला मसुदा सहावा होता. पाटण किंवा शिराळा तालुक्यातल्या डोंगरी गावकऱ्याला आपले घर कोणत्या रेषेच्या आत येते, हे मसुद्यागणिक पाहावे लागते.

‘वन’ या संज्ञेचेही असेच झाले. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात तिची व्याख्या नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात वन म्हणजे शब्दकोशातील अर्थाने वन, मग मालकी कोणाचीही असो, असा निर्णय दिला. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती मर्यादित करण्याचा प्रयत्न झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने शब्दकोशातील अर्थच तूर्त कायम ठेवला. सह्याद्रीतल्या ज्या देवरायांची नोंद सरकारी दप्तरात वन म्हणून नाही, त्यांच्या दृष्टीने हा ‘तूर्त’ महत्त्वाचा आहे.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींपुढे मात्र या सगळ्या व्याख्या एकदम अडखळतात. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत भारी काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे उसासाठी बेसुमार पाणी दिले गेले, निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागावर साचून जमीन नापीक झाली. क्षार हा घन पदार्थ आहे, तो जमिनीला अपायकारक प्रमाणात आहे आणि जमीन हा पर्यावरणाचा घटक आहे. म्हणजे व्याख्येचे तिन्ही भाग पूर्ण होतात आणि हे प्रदूषणच ठरते, कारण प्रदूषकाचे केवळ अस्तित्व पुरेसे असून तो कोणी सोडला, हे व्याख्या विचारत नाही. पण मर्यादेबाहेर प्रदूषक सोडण्यास मनाई करणारे सातवे कलम ‘उद्योग, कार्य किंवा प्रक्रिया चालवणाऱ्या’ व्यक्तीशी बोलते, आणि आपल्याच शेताला पाणी देणारा शेतकरी त्या चौकटीत सहज बसत नाही. प्रदूषण आहे, प्रदूषक आहे, सातव्या कलमात बसणारी व्यक्ती मात्र सापडत नाही. आता यावर उपाय म्हणून शेताखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करण्याच्या योजना या भागात राबवल्या जात आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणारे खारट पाणी चरातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जाते. ओढा हा जल अधिनियमानुसार प्रवाह आहे, आणि त्याचे चोविसावे कलम उद्योजकापुरते मर्यादित नसून जाणूनबुजून प्रदूषक द्रव्य प्रवाहात जाऊ देणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला लागू होते. तेव्हा ते पाणी मंडळाच्या मानकांनुसार प्रदूषक ठरलेच, तर जमीन बिघडवताना कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेला शेतकरी ती सुधारताना कक्षेत येतो.