कुंडीतल्या मातीची भूक

नर्सरीतून आणलेली पीस लिली घरी महिना-दोन महिने फुलते आणि मग फुलायचं विसरते. ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे, की आता कुणी ‘आमच्या लिलीला ना...’ अशी सुरुवात केली की पुढचं वाक्य मीच पुरं करतो. त्याच्या पुढचंही ठरलेलं असतं. झाड भुकेलं असणार असं घरातल्या कुणाला तरी वाटतं आणि कुंडीत काहीबाही पडायला लागतं.

यातली मेख बहुतेकांना ठाऊक नसते. विक्रीसाठी ही रोपं वाढवणारे बरेच उत्पादक त्यांच्यावर जिबरेलिक ॲसिड हे संजीवक फवारतात. त्यामुळे सगळी रोपं विक्रीच्या सुमारास एकदम फुलावर येतात. म्हणजे आपण जी फुलं बघून कुंडी विकत घेतो, ती बऱ्याचदा औषधाची असतात. त्यांचा भर ओसरला की झाड आपल्या मूळच्या चालीवर येतं. ही वनस्पती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत उंच झाडांच्या सावलीत वाढणारी. कमी उजेडात ती जगते जरूर, पण फुलायला तिलाही बऱ्यापैकी उजेड लागतो. टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात तो कुठून मिळणार?

झाड आपलं अन्न पानांत स्वतः रांधतं, आणि त्याची चूल पेटते ती उजेडावर. खत म्हणजे फार तर मीठ-मसाला. चूलच मंद असेल तर मसाला वाढवून स्वयंपाक होत नाही. कोल्हापूरच्या ‘प्रयोग परिवार’चे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांना आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना त्यांनी सूर्यप्रकाशाचा आणि पानांच्या क्षेत्रफळाचा हिशोब मांडायला शिकवलं. फ्लॅटमधल्या चार कुंड्यांनाही तोच हिशोब लागू आहे. खिडकीपासून जितकं दूर जावं तितका उजेड झपाट्याने घटतो, आणि खताचं मापही त्याच प्रमाणात घटवायला हवं.

माझ्या वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत, ठाण्याला सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. दादा गेल्यानंतर पुतण्या कॅनडाला परतताना त्यांच्यासाठी पीस लिलीची कुंडी ठेवून गेला. वर्षभरात त्या कुंडीत चहाचा चोथा गेला, केळ्याच्या साली गेल्या, दुधाची पिशवी विसळलेलं पाणी गेलं, ताकही गेलं. पानांची टोकं करपली, मातीवर चिलटं घोंघावू लागली. एके सकाळी फोन आला, ‘‘भावोजी, जमलं तर येऊन जा. हेही माझ्या हातून चाललंय.’’ त्या ‘हेही’नंतर मी चहासाठीसुद्धा थांबलो नाही.

वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. माती चिकट झालेली आणि वास गटाराचा. धडधाकट मुळं पांढरी, टणक असतात. इथली निम्मीअधिक तपकिरी होऊन लिबलिबीत झाली होती. ओल्या कुंडीत न कुजलेला पदार्थ पडला की तो कुजवताना जिवाणू मातीतला प्राणवायू वापरून टाकतात. मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पान मलूल होतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो.

सडलेली मुळं कात्रीने काढली. उरली त्यांना पुरेल एवढीच लहान कुंडी घेतली, नवी माती भरली आणि झाड पूर्वेच्या खिडकीशी नेलं.

‘‘आता खायला काय द्यायचं?’’

‘‘दोन महिने काही नाही.’’

‘‘काहीच नाही? अहो, आजाऱ्याला निदान पेज तरी देतात.’’

‘‘पाणी द्या. तेही बोट खुपसून, वरची माती सुकली असेल तरच.’’

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग दिवसभर मी तिचं करू काय?’’

या प्रश्नाला बागकामाच्या पुस्तकात उत्तर नाही. मी त्यांना भोकं पाडलेली एक जुनी बादली दिली. तळाशी वाळका पाला, वर भाजीची देठं, साली आणि धुतलेला चोथा, त्यावर पुन्हा पाला आणि मूठभर जुनं शेणखत. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवायची. दोन-तीन महिन्यांत सालीची साल ओळखू येईनाशी झाली आणि पहिल्या पावसासारखा वास आला, की खत तयार. ते चाळायचं आणि मगच कुंडीत घालायचं. वहिनींचा जीव त्या बादलीत रमला. लिलीला फूल यायला चौदा महिने लागले. तोवर बिल्डिंगमधल्या तीन घरांना त्यांचं खत जाऊ लागलं होतं.

आता मातीविषयी. नोकरीत पीककर्जांच्या निमित्ताने मी परभणी-नांदेडची काळी माती तुडवली आणि रत्नागिरीची जांभ्याची लालही. काळी माती कापसाला उत्तम, पण कुंडीत तिची गोळी बसते. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. घरातल्या कुंडीला लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, नारळाचा भुसा एक भाग आणि जाड रेती अर्धा भाग हे मिश्रण मला मानवलं आहे. त्यात कुंडीमागे चमचाभर निंबोळी पेंड. कुंडीच्या तळाला भोक हवंच. शोभेची बिनभोकाची भांडी पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

पुढे वाढीच्या दिवसांत दीड-दोन महिन्यांनी सहा इंची कुंडीला मूठभर गांडूळखत पुरतं. वरची माती हलक्या हाताने उकरून ते मिसळावं. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खत बंद. नत्र जास्त झालं तर पानं हिरवीगार होतात आणि फुलं रुसतात, म्हणून मोहरीच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीशी सलगी नको. ती पेंड भिजवून पाणी घालण्याची पद्धत गच्चीवर ठीक आहे. दिवाणखान्यात केली तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. अंड्याची टरफलं इतकी सावकाश विरघळतात, की त्यांच्या भरवशावर राहू नये. लाकडाची राख चिमूटभरच, कारण ती माती अल्कधर्मी करते.

रासायनिक खताने घरातलं झाड फुलत नाही असं मी म्हणणार नाही, फुलतं. पण अंगणात पाऊस जादा क्षार धुऊन नेतो, घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. मग मातीवर पांढरी पापडी धरते. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर नुसत्या पाण्यानेही धरते. अशा वेळी कुंडी मोरीत न्यावी, तळातून निथळेपर्यंत दोन-तीनदा भरपूर साधं पाणी ओतावं आणि पुरती निथळू द्यावी.

आफ्रिकन व्हायोलेटचं तंत्र थोडं वेगळं. टांझानियाच्या उसांबरा डोंगरातली ही फुलं १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याने युरोपात पाठवली. तिला चार इंची उथळ कुंडी आवडते, आणि पाणी खालच्या बशीतून अर्धा तास. उरलेलं ओतून टाकावं. केसाळ पानांवर गार पाणी पडलं की डाग उठतात. अँथुरियमला मातीपेक्षा नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडे अधिक हवेत, कारण मूळची ती बरीचशी झाडांच्या अंगावर वाढणारी.

वर्षाकाठी कुंडी बदलताना जुनी माती कचऱ्यात टाकू नका. मुळं सडलेल्या कुंडीतली असेल तर गोष्ट वेगळी, ती नकोच. बाकीची गॅलरीत कागदावर पसरून चार उन्हं दाखवावी, जुन्या मुळांचे धागे वेचावे, आणि तिच्यात तिसरा हिस्सा नवं खत मिसळून पंधरा दिवस झाकून ठेवावी. मग ती पुन्हा भरायला तयार होते.