गिरडच्या टेकडीवरील दगडी सुपाऱ्या

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाजांचे भाविक दर्शनाला येतात. टेकडी चढताना पायाखाली नीट पाहिलेत, तर लहान लहान गोलसर दगड आढळतील. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. नारळ वगैरे माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड होऊन गेला!

कथा ही कथा म्हणून ऐकावी. पण तिच्यामागचा प्रश्न अगदी खरा आहे. नदीतले गोटे एकमेकांवर घासून गोल होतात. टेकडीवर तर नदी नाही. मग हे गोल दगड आले कोठून?

उत्तरासाठी आपल्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागेल. त्या काळी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. हा रस थिजून काळा बेसॉल्ट खडक झाला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे.

आता सोडावॉटरची बाटली आठवा. बूच लावलेले असते तोवर पाण्यात बुडबुडे दिसत नाहीत. बूच काढताच आतील दाब कमी होतो आणि विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो. लाव्हारसाचेही तसेच होते. खोल जमिनीत प्रचंड दाबाखाली त्यात पाण्याची वाफ व इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येतो, दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. ते वर चढू लागतात. पण रस निवत चाललेला, अधिकाधिक घट्ट होणारा. पुष्कळसे बुडबुडे वरच्या भागात अडकून पडतात. पृष्ठताणामुळे बुडबुडा गोल असतो, म्हणून खडकात राहणारी पोकळीही गोल. वाहत्या रसाने ओढले गेलेले बुडबुडे मात्र लांबट होतात.

पुढे या खडकातून पाणी झिरपले. त्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम असे घटक विरघळवून घेतले व पोकळ्यांत आणून सोडले. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो, तो तुम्ही घरी पाहिलाच असेल. तसाच थर पोकळीच्या भिंतीवर बसत गेला आणि पोकळी भरली. बुडबुडा हा साचा, खनिज हे त्यातले ओतीव!

या खनिजांत झिओलाइट नावाचा एक गट आहे. क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली असे खनिज तापवले, तेव्हा त्यातील पाणी वाफ होऊन ते उकळल्यासारखे दिसले. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव घडवले.

ऊन, पाऊस आणि हवा यांनी बेसॉल्ट झिजतो. ज्या काळ्या मातीत आपला कापूस पिकतो, ती याच खडकाची. भोवतालचा खडक भुगा होऊन गेला की आतील गोळे सुटे होऊन पडतात. गिरडची सुपारी ती हीच.

सहलीला जाल तेव्हा भिंग आणि वही बरोबर घ्या. गोल किती, लांबट किती, ते मोजा. काळ्या खडकात अजून रुतून बसलेला एखादा गोळा शोधा. आपल्या उत्तराचा तोच साक्षीदार.

पण पाहून झाल्यावर दगड जागच्या जागी ठेवा. याच जिल्ह्यातले बोर अभयारण्य १९७० साली घोषित झाले, तर २०१४ साली तेथे व्याघ्र प्रकल्प आला. तेथील डोंगरही बेसॉल्टचेच. १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणे जंगलातील दगडदेखील वनोपज ठरतो; अभयारण्यातून तो परवानगीवाचून उचलता येत नाही. अभयारण्याबाहेरचा म्हणून गिरडचा दगड कमी मोलाचा ठरत नाही. एका वर्गातील पन्नास मुलांनी एकेक खडा खिशात टाकला, तर दहा सहलींत पाचशे खडे जातील. ते पुन्हा भरून यायला लाव्हारस वाहायला हवा!