विश्लेषण : बार्शीच्या अमर शेखांना ‘महाराष्ट्राचे मायकोव्हस्की’ का म्हटले गेले?

सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली की कामगारांच्या दुचाकी फाटकाबाहेर पडतात. कोणी मोहोळच्या दिशेने जातो, कोणी सोलापूरकडे. ज्याच्या त्याच्या कानात ज्याचे त्याचे गाणे असते. याच जिल्ह्यातील बार्शीचा एक गिरणी कामगार मात्र हजारोंच्या सभेला एकाच वेळी एक गाणे ऐकवत असे. गाडीवर क्लीनर, मग गिरणीत मजूर, मग तुरुंगात आणि शेवटी महाराष्ट्राचा लोकशाहीर असा त्याचा प्रवास झाला. आचार्य अत्रे यांनी त्याची तुलना थेट एका रशियन कवीशी केली. तो गायक म्हणजे शाहीर अमर शेख. ही तुलना कशामुळे झाली आणि ती कितपत खरी ठरते, याचा हा वेध.

कोण होते अमर शेख?

त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत, गरीब मुस्लीम कुटुंबात. गाणे त्यांना मिळाले ते आई मुनेरबी यांच्याकडून. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते हीच त्यांची पहिली शाळा. घरची ओढाताण असल्याने लहान वयातच कामाला लागावे लागले. काही काळ त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, पुढे बार्शीच्या गिरणीत मजुरी केली.

बार्शी तेव्हा केवळ भगवंताचे गाव नव्हते. कापसाची बाजारपेठ, गिरण्या आणि नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे यांमुळे तिथे कामगारवस्ती वाढली होती. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या सोलापुरात तर गिरणीच्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले. महबूब तेरा वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांच्या या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला राजकारण पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गिरणीतून शाहिरीकडे कसे वळले?

बार्शीच्या गिरणी संपात ते पुढे राहिले आणि त्यांची रवानगी विसापूरच्या तुरुंगात झाली. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्या सहवासात साम्यवादी विचारांशी त्यांची ओळख झाली. सुटल्यावर ते कोल्हापूरला गेले आणि मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करू लागले. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना मिळाले ते याच काळात. पुढे महाराष्ट्राने त्यांना याच नावाने ओळखले.

सिनेमाची दारे उघडी असताना त्यांनी वाट निवडली ती मात्र मुंबईच्या कामगार चळवळीची. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांचे ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातील. शेख बार्शीचे मुसलमान. तिघांची घरे वेगळी, बोली वेगळ्या, पण व्यासपीठ एकच.

लाल बावटा कलापथकाने नेमके काय बदलले?

तमाशाची जुनी चौकट त्यांनी घेतली आणि आतला मजकूर बदलला. परंपरेप्रमाणे गणात गणपतीला वंदन होते. या पथकाने मायभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन केले. गवळण गाळली. वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, मालक, दलाल आणि मजूर आले. डफ, तुणतुणे, झांज, ढोलकी आणि मागे ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी हा संच तसाच राहिला. त्यामुळे चाळीतल्या श्रोत्याला नवीन काही शिकावे लागत नव्हते. गावाकडच्या जत्रेत ऐकलेला ठेका त्याच्या ओळखीचा होता, आता त्या ठेक्यावर त्याच्याच महागाईची आणि पगाराची गोष्ट ऐकू येत होती.

याचे सामर्थ्य सरकारलाही कळले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर रोख आला, तेव्हा तोच ऐवज ‘लोकनाट्य’ म्हणून पुढे आला. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज ही जोडी या काळात घराघरांत पोहोचली.

मग रशियाचा संबंध कुठे येतो?

दोन पातळ्यांवर. पहिली पातळी विचारांची. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई जगभरच्या कामगार चळवळींसाठी मोठी प्रेरणा ठरली. अण्णाभाऊंनी तिच्यावर पोवाडाच रचला. व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या गिरणगावात डफावर गायली गेली. पुढे १९६१ मध्ये अण्णाभाऊ प्रत्यक्ष रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले.

दुसरी पातळी अत्रे यांच्या तुलनेची. व्लादिमीर मायकोव्हस्की (१८९३–१९३०) हा रशियन क्रांतीचा कवी. त्याने कविता दिवाणखान्यातून बाहेर काढली. कारखान्यांत, सभागृहांत, चौकांत तो भारदस्त आवाजात स्वतःच्या कविता म्हणत असे. क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात त्याने सरकारी वृत्तसंस्थेसाठी भित्तिपत्रके रंगवली, त्यांवरच्या ओळी लिहिल्या. कविता हे रोजच्या लढ्याचे हत्यार आहे, अशी त्याची धारणा होती. अत्रे यांना अमर शेखांमध्ये हेच दिसले. रचना, आवाज आणि चळवळ या तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. मायकोव्हस्की छापील कवितेतून व्यासपीठाकडे गेला. अमर शेख आईच्या ओवीतून तिथे पोहोचले. रशियन कवीमागे नव्या सत्तेचे राज्य उभे होते. बार्शीच्या शाहिराच्या वाट्याला दोन्ही राजवटींत तुरुंग किंवा बंदीच आली. त्यामुळे ‘मायकोव्हस्की’ ही उपाधी गौरवाची असली, तरी त्यांची मुळे शोधायची तर मॉस्कोत नव्हे, बार्शीतच शोधावी लागतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचे स्थान काय?

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि आंदोलन पेटले. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात अत्रे यांची लेखणी आणि वाणी, तशीच शाहिरांची डफावरची थाप महत्त्वाची ठरली. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत आंदोलनाची भूमिका पोहोचवली ती शाहिरांनी. नेते येईपर्यंत सभा धरून ठेवणे, भाषणानंतर लोकांना पेटते ठेवणे, दुसऱ्या दिवशी तेच गाणे त्यांच्या ओठांवर राहील अशी व्यवस्था करणे, हे काम सोपे नव्हते. गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेखांची शाहिरी पुढे होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तो कामगार दिनच होता.

ते केवळ गायक होते का?

नाही. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ मध्ये आले. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिके त्यांनी संपादित केली. ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत ते दिसले. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी देशरक्षणासाठी पोवाडे गात कार्यक्रम केले. साम्यवादी चळवळीत या युद्धावरून तीव्र मतभेद होते आणि १९६४ मध्ये पक्षच दुभंगला, हे लक्षात घेतले तर या भूमिकेचे वजन कळते.

१९४७ मध्ये चळवळीतल्याच कुसुम जयकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतील महत्त्वाच्या कवयित्री. त्यांनी वडिलांवर ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक लिहिले. ‘दलित पँथर’चे संस्थापक कवी नामदेव ढसाळ हे मल्लिका यांचे पती. लाल बावट्याची शाहिरी आणि पँथरची कविता यांचा धागा असा एका घरातही जुळला.

१९६९ चा पावसाळा का लक्षात ठेवायचा?

१३ जून १९६९ रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेखांचा मृत्यू झाला. तेव्हा ते त्रेपन्नाव्या वर्षात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे तीन आवाज अकरा आठवड्यांत थांबले. राज्य स्थापन होऊन दहा वर्षेही झाली नव्हती.

इंदापूर ज्या पुणे–सोलापूर रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर पुढे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. सोलापूरच्या मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा गेला, त्यासोबत एकाच वेळी हजारो माणसे एका फाटकातून बाहेर पडण्याचे दृश्यही गेले. आजचा कामगार लहान-मोठ्या युनिटमध्ये विखुरला आहे. अनेकांची नेमणूक ठेकेदारामार्फत असते. शेजारच्या शेडमधल्या माणसाचा पगार किती, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

आज त्यांचे स्मरण कशासाठी?

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन आहे आणि लोककलांच्या अभ्यासात त्यांचे नाव घेतले जाते. पण अभ्यासक्रमातल्या शाहिरापेक्षा फाटकावरच्या शाहिराचा प्रश्न अधिक अवघड आहे. अमर शेखांच्या गाण्यासाठी तीन गोष्टी लागत. एकत्र जमलेली माणसे, त्यांचे सामाईक दुःख आणि ते त्यांच्याच बोलीत मांडणारा त्यांच्यातलाच एखादा. मोबाइलने गाणे प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवले, पण माणसे एकत्र जमवण्याचे काम मोबाइल आपोआप करत नाही.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चार बोलींचा सोलापूर जिल्हा आजही कष्टकऱ्यांचाच आहे. चादरी विणणारे, विड्या वळणाऱ्या, चिंचोळीत यंत्रावर उभे असणारे हात याच जिल्ह्याचे. यांच्यातल्याच एका क्लीनर पोराने कधीकाळी डफ उचलला होता आणि त्याचे गाणे ऐकायला मैदान भरले होते. मैदाने अजून आहेत. सामाईक दुःखही आहे. पाळी सुटल्यावर, घरी जाण्याआधी, कानातले काढून दहा मिनिटे एकमेकांचे ऐकायला माणसे थांबतील का, एवढाच प्रश्न उरतो.